फूटभर उंचीची भानगड

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर तिथलं टेबल उलटं करायचं, त्याचं पोट न्याहाळायचं, पायांचे तळवे चाचपायचे आणि मग गंभीर चेहऱ्याने नुसतं "हं" म्हणायचं, हा हल्ली चांगल्या घरातल्या माणसांचा छंद झाला आहे. होय, चांगल्या घरातल्या! मुलगी बघायला येऊन तिला चालून दाखवायला सांगणाऱ्या मंडळींना जी घरं आजवर नावं ठेवत आली, त्याच घरांत आता एका बिचाऱ्या टेबलाला चारचौघांत पालथं पाडून "पाय मूळचेच ना?" असं विचारलं जातं. काही लाज?

बरं, टेबल तरी केवढं! उंची जेमतेम फूटभर. लाकूड काळपट किंवा तांबूस, पाय आत वळलेले, कडेला कुठेतरी रंग उडालेला. आमच्या आजीने असलं काही माळ्यावर पाहिलं असतं तर सरळ बंबात घातलं असतं. पण त्याला 'चिनी' म्हटलं, पुढे 'जुनं' जोडलं आणि 'मिंग' हा शब्द जरा दबक्या आवाजात उच्चारला, की भल्याभल्यांची बोलती बंद होते. सिंगापूरची बदली आटोपून परतलेल्या आमच्या एका मामींनी असं टेबल आणलं. सामान हलवणाऱ्यांच्या यादीत त्याचा नंबर पियानोच्याही आधी होता. मामा कितव्या नंबरावर होते ते मी विचारलं नाही.

या सगळ्या प्रकरणाचं मूळ मात्र अगदी घरगुती आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळा हाडं गोठवणारा. म्हणून तिथल्या लोकांनी घरातच विटांचा रुंद ओटा बांधला, चुलीची धग आणि धूर त्याच्या पोटातून खेळवला, वर चटया अंथरल्या आणि सगळं कुटुंब त्या उबेवर चढून बसलं. याला म्हणतात कांग. झोपायचं तिथे, जेवायचं तिथे, निवडणं-टिपणं-शिवणं तिथे, आणि पाहुणा आला की त्यानेही पायातलं काढून तिथेच मांडी घालायची. मधोमध हे बुटकं टेबल. म्हणजे ज्याच्यावर आज मोठमोठी चित्रांची पुस्तकं कोणी न वाचता रचलेली असतात, ते मुळात अंथरुणावरचं टेबल! अठराव्या शतकातल्या त्साव श्वेछिनच्या 'होंगलोमंग' या कादंबरीत तिसऱ्याच प्रकरणात एका बड्या घरातला कांग येतो. त्यावर आडवं मांडलेलं टेबल, टेबलावर पुस्तकं आणि चहाचं सामान. अंथरुणात बसून चहा, तोही मोठ्यांच्या देखत. आपल्याकडे एवढ्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं असतं.

जेवणाची कांग-टेबलं रुंद असत, आणि त्यांतल्या अनेकांना कडेने एक बारीक उंच पट्टी असे. फार जणांचं तिच्याकडे लक्ष जात नाही, नक्षीच वाटते. पण तिचं काम काय, तर सांडलेलं अडवणं! रस्सा लवंडला तर तो टेबलावरच राहावा, खालच्या चटईवर आणि गाद्यांवर जाऊ नये. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात टेबल पसंत करायला एवढी एक खूण पुरे आहे. ज्या सुताराने पोरांच्या हातून वाटी लवंडणार हे आधीच ओळखलं होतं, त्याच्या हातचं काम घरात यावं. आता गंमत बघा. सांडासांडीसाठी जन्मलेल्या त्या टेबलावर मामी कोणाला कप ठेवू देत नाहीत. कपाखाली बशी, बशीखाली कोस्टर, कोस्टरखाली रेशमी रुमाल, आणि एवढं करूनही पाहुण्याने चहा हातातच धरून संपवावा अशी अपेक्षा.

आता पायांकडे येऊ. खरी खमंग गोष्ट तिथेच आहे.

कांगवरचं टेबल दहा-बारा इंच उंच. सोफ्यापुढे टेबल लागतं सोळा-अठरा इंचांचं. म्हणजे खरं जुनं टेबल आणलं तर घोट घेण्यासाठी कमरेत वाकावं लागतं, आणि चाळिशीनंतर वाकलेला माणूस सरळ होईलच याची खात्री नसते. उलट चिनी घरांत उंच टेबलं भरपूर होती, भिंतीशी लावायची, खुर्चीपुढची. मग काय झालं असेल? तेच झालं. विसाव्या शतकात परदेशी गिऱ्हाइकांना कॉफीची टेबलं हवी झाली आणि कित्येक चांगल्या, कुलीन, उंच टेबलांचे पाय गुडघ्यातून उतरवले गेले. कापले हो! करवतीने! आणि वर 'प्राचीन चिनी लो टेबल' अशी पाटी लावून ती टेबलं विकलीही गेली. अशी लंगडी टेबलं आजही बाजारात फिरतात, आणि त्यांना हौसेने घरात आणणारे लोक पाहुण्यांना त्यांच्या 'प्रमाणबद्धते'बद्दल सांगतात.

ओळखायचं कसं? म्हणून तर ती उलटापालट. चिनी टेबलाचा पाय नुसता दांडा नसतो. बऱ्याचदा तो खाली येऊन आत वळतो आणि टोकाला घोड्याच्या खुराचा आकार घेतो. खूर असलेल्या घराण्यातलं टेबल बिनखुराचं दिसलं तर खूर कुठे गेले हे विचारायला हवं. दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी जमिनीला टेकायच्या बेतात असेल तर पट्टी खाली आलेली नाही, जमीन वर आली आहे. पायाच्या तळाचं लाकूड बाकीच्यापेक्षा ताजं, उजळ दिसलं तर दुकानदाराच्या डोळ्यांत बघावं. आणि एक बारकी गोष्ट, जी मला फार आवडते. उंच टेबलं विटांच्या ओलसर जमिनीवर उभी राहत, त्यामुळे त्यांचे तळवे काळवंडतात, झिजतात, कुजतातही. कांगवरचं टेबल मात्र जन्मभर कोरड्या, ऊबदार चटईवर बसलेलं. त्याचे तळवे स्वच्छ असायला हवेत. तेव्हा बुटक्या टेबलाचे पाय कुजलेले दाखवून "बघा किती जुनं!" म्हणणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे विचारावं, हे कुठल्या पावसात उभं होतं?

पोटाखालीही बरंच लिहिलेलं असतं. वरची फळी चारी बाजूंच्या चौकटीत खाचेत सैल बसवलेली असते, खिळा नाही, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आवळतं, त्याला हलायला जागा हवी. शंभर-दोनशे वर्षांत फळी आडव्या अंगाने आटते आणि चौकटीजवळ बारीक फट पडते. दुकानदार ती फट मेणाने लिंपून "एकदम मिंट कंडिशन" म्हणतो, आणि गिऱ्हाईक खूष होतं. अहो, ती फट म्हणजेच तर वयाचा दाखला होता! उत्तरेकडच्या कित्येक टेबलांच्या पोटाला कापड चिकटवून वर रोगणाचा थर दिलेला असे, तोही तडकलेला, पोपडे सुटलेला सापडतो. अर्थात नकली बनवणाऱ्यांनाही हे सगळं माहीत आहे. चहाचं पाणी, काजळी, बुटांचं पॉलिश, साखळीचे मार, ओल्या मातीत मुक्काम असे सगळे सौंदर्योपचार करून महिन्याभरात टेबलाचं वय शे-दीडशे वर्षांनी वाढवता येतं. बायकांना वय कमी करून द्यायला लाखो रुपये घेणारं जग टेबलांना वय वाढवून द्यायला तेवढेच घेतं, हे मी आपलं सहज नोंदवून ठेवते.

मग येतं लाकूड, म्हणजे कुळगोत्र. सर्वांत वरचं आसन ह्वांगह्वालीचं. पिवळसर सोनेरी, अंगावर डोळे आणि लाटा असलेलं हे लाकूड हैनान बेटावरचं, आणि कुळ कोणतं, तर आपल्या शिसवाचंच. दुसरं झितान, गडद जांभळट, दगडासारखं जड, छिंग दरबाराचं लाडकं. हे कोण? चीनच्याच सन २००० च्या सरकारी मानकाप्रमाणे झितान म्हणजे आपलं रक्तचंदन! सूज आली की आजी सहाणेवर उगाळून जे लेपत असे तेच. हे झाड रानात उगवतं ते मुख्यतः आंध्रच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत, कडप्पा-चित्तूरच्या बाजूला. तिथून ते चोरून तोडलं जातं, ट्रकांत दुधाच्या नाहीतर भाज्यांच्या आड लपवलं जातं आणि समुद्रापार जातं. इथे मात्र लटका धक्का पुरत नाही. एप्रिल २०१५ मध्ये शेषाचलमच्या जंगलात तमिळनाडूतून लाकूडतोडीसाठी आलेले वीस जण पोलिसांच्या गोळीबारात मेले. कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या जांभळट चकाकीला हीही एक बाजू आहे. नवं झितानचं टेबल कोणी दाखवलं तर त्याचे कागद मागावेत. खुराचं नंतर बघू.

शिसवाच्या कुळालाही आता पहारा आहे. वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून ते पुरं कूळच बंधनाखाली आलं, त्यामुळे ह्वांगह्वालीचं टेबल सीमा ओलांडून आणायचं तर परवान्यांची भेंडोळी. म्हणूनच मी सरळ सांगते, एल्मचं घ्या. उत्तर चीनमधल्या खेड्यापाड्यांत, शान्शी प्रांतात, साध्या घरांतून हेच लाकूड वापरलं गेलं. आपल्या वावळाच्या कुळातलं हे झाड. रेषा ठळक, दिसायला थोडं गावंढळ, दरबाराशी संबंध शून्य. त्यामुळे 'सम्राटाच्या दालनातलं' असा दावा कोणी करू शकत नाही, आणि किंमत लाकडापुरतीच राहते. पण एल्म म्हटलं की मामींचा चेहरा पडतो. खेडवळ सून आली म्हणून पूर्वीच्या सासवांचा पडायचा, तस्सा.

हे वेड लावलं कोणी? गुन्हेगार सापडले आहेत, आणि ते सगळे पुस्तकवाले आहेत. गुस्ताव एके नावाच्या एका जर्मन प्राध्यापकाने पेकिंगमध्ये बसून, युद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४४ साली चिनी घरगुती फर्निचरवर पहिलं मोठं पुस्तक काढलं. प्रती फक्त दोनशे! जग जळत होतं आणि हा गृहस्थ टेबलांचे सांधे मोजत होता. त्यानंतर वांग शिश्यांग. जन्म १९१४, मृत्यू २००९. कबुतरं, लढाऊ रातकिडे, भोपळ्यांची भांडी असले षोक करत वाढलेला हा बड्या घरचा मुलगा पुढे लाकडामागे लागला. सांस्कृतिक क्रांतीत त्याचा संग्रह गेला, पुढे परत मिळाला, आणि घरात एवढं सामान झालं की माणसांना जागा उरेना. १९७६ च्या तांगशान भूकंपानंतर घरात झोपणं धोक्याचं वाटलं तेव्हा नवरा-बायकोने एका भल्यामोठ्या जुन्या कपाटात अंथरूण घातलं म्हणतात. कपाटात! आणि बाईंनी सोडचिठ्ठी दिली नाही. अशी माणसं होती.

१९८५ साली वांगचं सचित्र पुस्तक आलं आणि घोळ झाला. जे जुनं म्हणून कोपऱ्यात पडलेलं होतं त्याला नाव मिळालं, फोटो मिळाला, मापं मिळाली. दलाल पुस्तक काखोटीला मारून गावोगाव हिंडू लागले. हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवरची दुकानं भरली, तिथून ते लोण सिंगापूर, न्यूयॉर्क, लंडन असं पसरलं. कॅलिफोर्नियात तर कहरच. तिथे द्राक्षमळ्यांत वसलेल्या एका आध्यात्मिक पंथाने, हो, आध्यात्मिक, चिनी फर्निचरचं अख्खं संग्रहालय थाटलं. आणि विरक्ती अशी की १९९६ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजमध्ये सगळं लिलावात काढलं. आले एक कोटी दहा लाख डॉलरच्या वर. २०१५ साली त्याच लिलावघरात रॉबर्ट एल्सवर्थ या संग्राहकाच्या ह्वांगह्वालीच्या चार खुर्च्या निघाल्या. अंदाज आठ ते बारा लाख डॉलरचा होता, गेल्या जवळजवळ सत्त्याण्णव लाखांना. चार खुर्च्या! बसायच्या! त्यावर कोणी बसणार नाही हे वेगळं सांगायला नको.

लिलावाचा आकडा ऐकला की गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराचं टेबल रातोरात मिंग काळात जातं. मिंग घराणं १६४४ साली संपलं हे त्याला कोणी सांगत नाही. आणि तो बोलतो तेही बरोबरच असतं, कारण तो 'मिंग शैलीचं' असं म्हणतो. शैली म्हटलं की गेल्या मंगळवारी बनवलेलंही चालतं. शिवाय एक गोष्ट गिऱ्हाइकाने मनात धरावी. चीनने २००७ पासून १९११ पूर्वीची वस्तू देशाबाहेर न्यायला मनाई केली आहे. त्याआधी ती सीमारेषा १७९५ ची होती. तेव्हा "हे अठराव्या शतकातलं, गेल्या दिवाळीत बीजिंगहून थेट आलं" असं कोणी म्हणालं, तर दोन्हींतलं एक खोटं आहे, किंवा दोन्ही खरं असून दुकानदार तुम्हाला स्मगलिंगची कबुली देतो आहे. दोन्ही वेळेला पिशवी उचलावी आणि निघावं.

आणि अफू राहिलीच! या बुटक्या टेबलांचं बाजारातलं सर्वांत गोड नाव म्हणजे 'ओपियम टेबल'. या नावाने किंमत चढते, आणि घरात अफूचं टेबल आहे हे पाहुण्यांना सांगताना ज्यांनी आयुष्यात सुपारीदेखील खाल्ली नाही अशा गृहस्थांच्या गालांवर लाली येते. वस्तुस्थिती अशी की अफू ओढणारा माणूस कुशीवर आडवा पडतो, त्याला दिव्याचं तबक हाताशी लागतं. बाजारातली बहुतेक ओपियम टेबलं ही त्या बिचाऱ्या रस्सा अडवणाऱ्या कांग-टेबलांची बदनामी आहे. नाक मुरडायचंच असेल तर जरा जवळ बघावं. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जहाजांत चढून कँटनच्या दिशेने जात होती. कंपनी सरकार तिच्यावर पासाचे पैसे घेत होतं, आणि जार्डिन मॅथेसनबरोबर व्यापार करणारे सर जमशेटजी जिजीभाई त्यातूनच गब्बर झाले. त्यांच्याच देणगीतून जे. जे. कला महाविद्यालय उभं राहिलं, जिथे शिकलेले इंटिरियर डेकोरेटर आज तुम्हाला ओपियम टेबल सुचवतात. परतीच्या जहाजांतून पारशी घरांत चिनी रेशीम आलं, भरतकामाचे गारे आले, चिनी मातीची भांडी आणि फर्निचरही आलं. तेव्हा मुंबईत एखाद्या जुन्या पारशी घराचं सामान निघालं आणि त्यात चिनी टेबल दिसलं, तर ते ओढूनताणून आलेलं नसतं. अफूशी त्याचं नातं असलंच तर टेबलाकडून नाही, शेठकडून.

व्हिंटेज म्हणजे त्यामानाने कालची पोरं. शंभर वर्षं भरली तर अँटिक, त्याच्या आतलं ते व्हिंटेज, एवढा ढोबळ हिशेब. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे बेकर, ड्रेक्सेल, सेंच्युरी अशा कंपन्यांनी चिनी ढंगाची टेबलं कारखान्यात काढली. सेंच्युरीच्या एका मालिकेचं नावच 'चिन हुआ'. त्याआधी जेम्स माँट नावाचा, इस्तंबूलमध्ये जन्मलेला एक सजावटकार होता. न्यूयॉर्कच्या गुंडांची घरं सजवायचा, चिनी वळणाच्या बुटक्या टेबलांवर चांदीचा वर्ख आणि रोगण चढवायचा, आणि पुढे स्वतःही तुरुंगात जाऊन आला. त्याच्या टेबलांना आज मोठी मागणी आहे. हे ऐकून तरी कोणाला धक्का बसावा ना? कोणाला बसला नाही. मामींनी फक्त "किती इंच उंच?" एवढंच विचारलं. आणि खरं सांगू, तिथे त्यांचं चुकलं नाही. कारखान्यातलं अमेरिकन टेबल सोफ्याच्या मापाचं असतं, पाय कापलेले नसतात, पाठीमागे कंपनीचा शिक्का असतो, आणि ते आपल्या वयाबद्दल खोटं बोलत नाही. या बाजारात हा केवढा तरी गुण आहे.

इथल्या हवेचं मात्र कोणी बोलत नाही. कोरड्या उत्तर चीनमध्ये दीडशे वर्षं राहिलेलं लाकूड जूनमध्ये मुंबईच्या दमटपणात येतं, फुगतं, सांधे करकरतात. मग एसीखाली आवळतं. मग पुन्हा फुगतं. रात्री दोन वाजता दिवाणखान्यातून "टक्" असा आवाज आला की मामा दचकून उठतात आणि मामी कूस बदलून "टेबल आहे, झोपा" म्हणतात. एल्मला तर भुंगाही लागतो. पायाशी पीठ पडलेलं दिसलं तर ती प्राचीन धूळ समजून जपू नये.

पण हे सगळं आता शिळं झालं. ताजी बातमी वेगळीच आहे. टेबलावर भागलं नाही म्हणून मामींनी आता तीन बाजूंनी कठडा असलेला चिनी पलंग बघून ठेवला आहे, बाजारात ज्याला 'ओपियम बेड' म्हणतात तो. लांबी साडेसहा फूट, रुंदी चार. सोसायटीची लिफ्ट मोजली तर पलंग जात नाही, जिन्याला वळण आहे, आणि खिडकीतून दोराने चढवायला सेक्रेटरी परवानगी देईनात. अर्जात सामानाचं नाव काय लिहायचं यावरून अडलं आहे. मामींनी बाजारातलं नाव लिहिलं, तर सेक्रेटरींनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विषय जनरल बॉडीपुढे ठेवला. येत्या रविवारी सभा आहे. कोरम पुरा होईल यात मला शंका नाही.